बर्फावरील मौनी रक्षक : झॉर्झ व्हेझिना

हॉकी म्हटली म्हणजे आमच्या डोळ्यांपुढें तापलेलें मैदान आणि ध्यानचंदांची काठी उभी राहते. परंतु कॅनडा देशांत हा खेळ गोठलेल्या बर्फावर, पायांत पोलादी पात्यांचे जोडे घालून खेळतात; आणि चेंडूच्या ठिकाणीं तेथें टणक रबराची, तीन इंच व्यासाची व एक इंच जाडीची चकती असते. सहा फूट रुंद व चार फूट उंच अशा गोलाच्या तोंडाशीं जो एकटा उभा राहतो, त्याच्या अंगावर ही चकती गोफणीच्या धोंड्यासारखी येऊन आदळते. गोलरक्षकाच्या तोंडावर मुखवटा सर्रास दिसूं लागला तो १९५९ नंतर. ज्यांचें चरित्र आम्ही आज वाचकांस सादर करीत आहों, ते झॉर्झ व्हेझिना उघड्या चेहऱ्यानेंच तेथें उभे राहिले.

त्यांचा जन्म २१ जानेवारी १८८७ रोजीं क्वेबेक प्रांतांतील शिकूटिमी या गांवीं झाला. सॅग्ने नदीच्या कांठचें हें गांव. वस्ती फ्रेंच बोलणाऱ्यांची. वडील पाव भाजण्याचा धंदा करीत. आठ भावंडांत झॉर्झ सर्वांत धाकटे. गांवच्या विद्यालयांत कांहीं वर्षें काढल्यावर चौदा-पंधरा वर्षांचे असतां त्यांची शाळा सुटली व ते वडिलांच्या भट्टीवर राबूं लागले. हॉकीचा नाद मात्र सुटला नाहीं. गंमत अशी कीं, प्रथम ते साध्या बुटांनींच गोल राखीत. पात्यांचे जोडे त्यांच्या पायांत सोळाव्या वर्षीं आले, आणि त्यांवर सफाईनें वावरण्यास आणखी दोन वर्षें लागलीं. ज्या खेळांत पुढें त्यांचें नांव अजरामर व्हावयाचें, त्याची बाराखडी ते इतक्या उशिरां शिकले!

१७ फेब्रुवारी १९१० रोजीं माँट्रिऑलचा कॅनेडियन्स हा धंदेवाईक संघ शिकूटिमीस सामना खेळावयास आला. समोर हौशी गांवकरी. निकाल ठरलेलाच, असें पाहुण्यांस वाटलें असावें. परंतु गांवकरी जिंकले, आणि त्याचें श्रेय गोलांत उभ्या असलेल्या उंच तरुणाकडे गेलें. पाहुण्यांचा गोलरक्षक जोसेफ कॅटारिनिच यानें या तरुणास संघांत घ्यावें असा आपल्या मंडळींकडे आग्रह धरिला. स्वतःच्याच जागेवर दुसऱ्याची शिफारस करणारा हा गृहस्थ आम्हांस मोठा दिलदार वाटतो. व्हेझिना यांनीं प्रथम नकार दिला. मग डिसेंबरांत ते माँट्रिऑलला गेले, आणि ३१ डिसेंबर १९१० रोजीं ऑटावाविरुद्ध आपला पहिला सामना खेळले.

त्या दिवसापासून पंधरा वर्षें त्यांनीं एकही सामना चुकविला नाहीं. हिंवाळ्यांत खेळावें आणि उन्हाळ्यांत गांवीं परतून आपला कातडीं कमावण्याचा कारखाना पाहावा, असा त्यांचा क्रम असे. इंग्रजी त्यांस फारशी येत नसे, आणि फ्रेंचमध्येंही ते थोडेंच बोलत. कसाही कठीण प्रसंग असो, चेहऱ्यावर रेषा हलत नसे. म्हणून लोक त्यांस शिकूटिमीची काकडी म्हणत. आपल्याकडे काकडीची उपमा कोणी भूषण मानणार नाहीं, परंतु तिकडे थंड डोक्याच्या माणसास ती देतात. त्या काळीं गोलरक्षकानें बर्फावर अंग टाकून चकती अडविल्यास शिक्षा होई. जानेवारी १९१८ मध्यें नॅशनल हॉकी लीगनें तो निर्बंध काढला. व्हेझिना मात्र पूर्वींप्रमाणें ताठ उभे राहून काठीनेंच काम भागवीत.

१९१६ सालीं पोर्टलंडच्या संघास पांच सामन्यांच्या झुंजींत हरवून कॅनेडियन्सनीं स्टॅन्ली चषक प्रथम जिंकला. त्याच रात्रीं व्हेझिना यांस दुसरा मुलगा झाला. त्याचें नांव त्यांनीं मार्सेल स्टॅन्ली असें ठेविलें. १९१९ ची अंतिम झुंज सिअॅटल येथें चालू असतां इन्फ्लुएंझाच्या साथीनें खेळाडू अंथरुणास खिळले, झुंज अर्धवट राहिली, आणि त्यांचे सोबती जो हॉल ५ एप्रिल रोजीं तेथेंच वारले. १९२४ सालीं चषक पुन्हां माँट्रिऑलला आला.

२८ नोव्हेंबर १९२५ रोजीं पिट्सबर्गशीं सामना होता. व्हेझिना बरेच दिवसांपासून खंगत चालले होते, परंतु तक्रार करण्याचा स्वभाव नव्हता. अंगांत १०२ अंश ताप असतां ते गोलांत उभे राहिले. पहिल्या डावांत त्यांनीं एकही गोल होऊं दिला नाहीं. मध्यंतरांत तोंडावाटे रक्त पडलें. तरी ते पुन्हां बर्फावर आले आणि थोड्याच वेळांत कोसळले. तपासणींत क्षयरोग ठरला. त्यावर गुण देणारें औषध त्या वेळीं जगांत कोठेंच नव्हतें. स्ट्रेप्टोमायसिनचा शोध १९४३ सालचा. आजारी माणसास त्या दिवशीं खेळूं दिलें हें योग्य झालें असें आम्हांस म्हणवत नाहीं. पण त्यांच्या मौनापुढें कोणास कळावें तरी कसें?

जाण्यापूर्वीं ते कपडे बदलण्याच्या खोलींत आपल्या नेहमींच्या कोपऱ्यांत येऊन बसले, जुनीं पायबंधनें पाहून त्यांचे डोळे भरले, आणि अखेरच्या अजिंक्यपदाच्या झुंजींत घातलेला सदरा त्यांनीं मागून घेतला, असें संघाचे चालक लिओ डँड्युरँड यांनीं पुढें सांगितलें. याच डँड्युरँडांनीं व्हेझिना यांस बावीस मुलें आहेत अशी थाप एकदां वार्ताहरांस दिली होती (खरे पुत्र दोन), तेव्हां त्यांच्या शब्दास किती वजन द्यावें हें वाचकांनींच ठरवावें. सदऱ्याची गोष्ट खरी असावी असें आमच्या मनास मात्र वाटतें.

२७ मार्च १९२६ रोजीं शिकूटिमी येथें, वयाच्या ३९ व्या वर्षीं त्यांचें देहावसान झालें. ओळीनें खेळलेले सामने ३२८, शिवाय अजिंक्यपदाच्या झुंजींतील ३९. त्यांच्याविना कॅनेडियन्स त्या वर्षीं सर्वांत तळाशीं राहिले. पुढील हंगामांत संघाच्या तिघां मालकांनीं त्यांच्या नांवें, कमींत कमी गोल होऊं देणाऱ्या गोलरक्षकासाठीं, एक चषक दिला. त्या तिघांत कॅटारिनिचही होता. पहिल्या तीन वर्षीं तो चषक जॉर्ज हेन्सवर्थ यांनीं पटकाविला. व्हेझिना यांच्या रिकाम्या जागेवर कॅनेडियन्सनीं उभे केलेले गोलरक्षक ते हेच.