विरोधकांशी संवाद साधणारे बाबासाहेब

१७ डिसेंबर १९४६ चा दिवस. दिल्लीत संविधान सभेचे कामकाज सुरू होऊन आठवडा उलटला होता. मुस्लिम लीगने बहिष्कार घातल्यामुळे तिच्या सदस्यांची आसने रिकामी होती. पंडित नेहरूंनी मांडलेल्या उद्दिष्टांच्या ठरावावर चर्चा चालली असता अध्यक्ष डॉ. राजेंद्र प्रसाद यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना अनपेक्षितपणे भाषणासाठी पाचारण केले.

तोवर बाबासाहेबांचा बराच काळ काँग्रेसशी संघर्ष करण्यात गेला होता. १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेल्या या सुभेदारपुत्राने महाडच्या चवदार तळ्यापासून गोलमेज परिषदेपर्यंत अस्पृश्यांच्या हक्कांची बाजू मांडली. २४ सप्टेंबर १९३२ च्या पुणे करारानेही मनातील सल गेला नव्हता. १९४६ च्या निवडणुकांत त्यांच्या शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचा मोठा पराभव झाला. मुंबई प्रांतातून संविधान सभेचा मार्ग बंद झाल्यावर जोगेंद्रनाथ मंडल यांच्या साहाय्याने ते बंगालमधून निवडून आले.

अशा नेत्याकडून त्या दिवशी घणाघाताचीच अपेक्षा होती. त्यांनी ठरावातील उणिवा परखडपणे दाखवल्या. मात्र लीग व संस्थानांचे प्रतिनिधी येईपर्यंत निर्णय थांबवावा, या बॅ. मुकुंदराव जयकरांच्या दुरुस्तीला त्यांनी पाठिंबा दिला. बहुमताला ठराव संमत करण्याचा अधिकार आहे, पण तो आजच वापरणे शहाणपणाचे आहे काय, असा त्यांचा प्रश्न होता. इतरांना भयभीत करणाऱ्या घोषणा बाजूस ठेवाव्यात आणि विरोधकांच्या शंकांनाही थोडी सवलत द्यावी, असे त्यांनी बहुमतवाल्यांना विनवले. ठरावावरील निर्णय पुढे ढकलला गेला आणि २२ जानेवारी १९४७ रोजी तो संमत झाला.

लीग आली नाही. फाळणीही टळली नाही. बंगालच्या विभाजनामुळे बाबासाहेबांचे सदस्यत्वही गेले. तेव्हा दुसऱ्या बाजूनेही एक पाऊल पुढे पडले. राजेंद्रबाबूंनी मुंबईचे मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांना पत्र लिहून बाबासाहेबांना निवडून पाठवण्याची सूचना केली. जयकरांच्या राजीनाम्याने रिक्त झालेल्या जागेवरच ते पुन्हा सभेत आले. पुढे ते स्वतंत्र भारताचे कायदेमंत्री आणि सात सदस्यांच्या मसुदा समितीचे अध्यक्ष झाले.

मसुद्यावर ७,६३५ दुरुस्त्या सुचवल्या गेल्या. त्यांपैकी २,४७३ प्रत्यक्ष मांडल्या गेल्या. प्रकृती साथ देत नसतानाही बाबासाहेबांनी आक्षेप ऐकले, पटले ते स्वीकारले आणि न पटल्याची कारणे दिली. २५ नोव्हेंबर १९४९ च्या समारोपात त्यांनी कामथ, पंजाबराव देशमुख, के. टी. शहा आदी टीकाकार सदस्यांचेही आभार मानले, कारण त्यांच्यामुळेच चर्चा जिवंत राहिली होती. त्याच भाषणात त्यांनी भिक्खू संघाची आठवण करून दिली. ठराव, गणपूर्ती, मतमोजणी हे नियम संघाला ज्ञात होते. लोकशाही या भूमीला परकी नाही, हे त्यांना सांगायचे होते.

संवादासाठी त्यांनी तत्त्व सोडले नाही. हिंदू कोड बिल रखडले तेव्हा १९५१ मध्ये त्यांनी मंत्रिपदाचा त्याग केला. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात त्यांनी बुद्धाचा धम्म स्वीकारला आणि ६ डिसेंबर रोजी त्यांचे महापरिनिर्वाण झाले.

आज आपल्या वस्त्यांतही एकाच निळ्या निशाणाखालचे बांधव गटागटांत विभागलेले आम्ही पाहतो. एकाच मैदानावर दोन जयंती मंडळे एकमेकांकडे पाठ फिरवून उभी राहतात. अशा वेळी सम्यक वाचा हा पाठ केवळ वंदनेपुरता उरू नये, असे आम्हांस वाटते. आपली मागणी ठामपणे मांडावी आणि समोरच्याचे भयही समजून घ्यावे, हे बाबासाहेबांनी आचरून दाखवले. या विद्यालयातून बाहेर पडलेल्या प्रत्येकाने आपल्या गावी रुसलेल्या एका बांधवाच्या दारी आधी जावे, एवढीच आमची मंगल कामना.