विश्लेषण : आफ्रिकेत कधीही न गेलेल्या मार्कस गार्वींनी आफ्रिकेसाठी जहाज कंपनी का काढली? ती बुडाली कशी?

अमेरिकेचे तत्कालीन अध्यक्ष जो बायडेन यांनी पद सोडण्याच्या आदल्या दिवशी, १९ जानेवारी २०२५ रोजी, काही जणांना माफी जाहीर केली. त्यात एक नाव ८४ वर्षांपूर्वी मरण पावलेल्या माणसाचे होते. मार्कस गार्वी. गुन्हा होता टपालातून फसवणूक केल्याचा, तोही १९२३ मधला. आफ्रिकेबाहेर विखुरलेल्या कृष्णवर्णीयांना एकत्र आणून त्यांच्या पैशांतून आफ्रिका उभी करायची, हे गार्वींचे ध्येय होते. त्यासाठी त्यांनी काय केले, ते का फसले आणि शंभर वर्षांनंतरही आफ्रिकी देश त्यांचे नाव का घेतात, याचा हा आढावा.

कोण होते मार्कस गार्वी?

गार्वींचा जन्म १७ ऑगस्ट १८८७ रोजी जमैकातील सेंट अ‍ॅन्स बे या गावी झाला. जमैका तेव्हा ब्रिटिश वसाहत होती. वडील गवंडीकाम करत आणि त्यांच्याकडे पुस्तकांचा चांगला संग्रह होता. गार्वी किशोरवयातच छापखान्यात उमेदवारी करू लागले. पुढे किंग्स्टनमध्ये मुद्रण कामगारांच्या संपात ते आघाडीवर होते. त्यानंतर त्यांनी कोस्टा रिका आणि पनामा गाठले. केळीच्या मळ्यांत आणि पनामा कालव्याच्या बांधकामावर कॅरिबियन बेटांवरचे हजारो मजूर राबत होते. त्यांचे हाल गार्वींनी जवळून पाहिले.

१९१२ मध्ये ते लंडनला गेले आणि दुसे मोहम्मद अली यांच्या ‘आफ्रिकन टाइम्स अँड ओरिएंट रिव्ह्यू’ या नियतकालिकात काम करू लागले. तिथे त्यांना आफ्रिका आणि आशियातील वसाहतींतली माणसे भेटली. जमैकापासून आफ्रिकेपर्यंत कृष्णवर्णीयांची अवस्था सारखीच आहे आणि त्यांच्यामागे उभे राहील असे स्वतःचे सरकार, कारखाना किंवा जहाज जवळपास नाही, हे त्यांच्या मनात पक्के बसले. १९१४ च्या उन्हाळ्यात जमैकाला परतताच त्यांनी ‘युनिव्हर्सल निग्रो इम्प्रूव्हमेंट असोसिएशन’, थोडक्यात यूएनआयए, ही संघटना स्थापन केली.

संघटना एवढी मोठी कशी झाली?

जमैकात फारसा प्रतिसाद मिळाला नाही. मार्च १९१६ मध्ये गार्वी अमेरिकेत आले आणि न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात स्थिरावले. पहिल्या महायुद्धामुळे परिस्थिती बदललेली होती. दक्षिणेकडील राज्यांतून लाखो कृष्णवर्णीय उत्तरेकडील शहरांत कामासाठी आले होते. युद्धात लढून परतलेल्या सैनिकांना घरी पुन्हा तोच वर्णभेद आणि १९१९ च्या दंगली सोसाव्या लागल्या. कॅरिबियन बेटांतून आलेले स्थलांतरितही हार्लेममध्ये मोठ्या संख्येने होते. या सगळ्यांना जोडणारे व्यासपीठ गार्वींनी दिले.

१९१८ मध्ये त्यांनी ‘निग्रो वर्ल्ड’ हे साप्ताहिक सुरू केले. त्यात इंग्रजीबरोबर स्पॅनिश आणि फ्रेंच मजकूरही असे. अनेक वसाहतींत त्यावर बंदी आली, तरी खलाशी ते लपवून बंदरोबंदरी पोहोचवत. याच पत्राच्या अखेरच्या काळात भारतात जन्मलेले हुच्चेश्वर मुदगल हे त्याचे संपादक होते. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात अमेरिकेच्या ३८ राज्यांत संघटनेच्या ७०० हून अधिक शाखा होत्या. एकट्या क्यूबात पन्नासच्या आसपास शाखा होत्या.

ऑगस्ट १९२० मध्ये न्यूयॉर्कमध्ये संघटनेचे पहिले आंतरराष्ट्रीय अधिवेशन भरले. मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधील सभेला सुमारे २५ हजार लोक आले. अधिकारांचा जाहीरनामा मंजूर झाला, लाल-काळा-हिरवा ध्वज ठरला आणि गार्वींची आफ्रिकेचे हंगामी अध्यक्ष म्हणून निवड झाली. त्यांनी आफ्रिकेत पाऊलही ठेवले नव्हते आणि पुढेही त्यांना ते जमले नाही.

जहाज कंपनीच का?

कॅरिबियन बेटे, अमेरिका आणि पश्चिम आफ्रिका यांच्यामध्ये समुद्र आहे. माल कोण नेणार, कोणत्या दराने आणि प्रवाशाला कोणत्या वर्गात बसवणार, हे सारे गोऱ्यांच्या जहाज कंपन्या ठरवत. स्वतःची जहाजे असतील तर आफ्रिकेचा कच्चा माल, बेटांवरचे पीक आणि अमेरिकेतला पक्का माल आपल्याच लोकांत फिरेल, असे गार्वींचे गणित होते. वसाहतीतल्या लोकांना त्या काळात ते सहज पटण्यासारखे होते. १९१९ मध्येच वालचंद हिराचंद आणि नरोत्तम मोरारजी यांच्या सिंधिया कंपनीचे ‘लॉयल्टी’ हे जहाज ब्रिटिश कंपन्यांच्या मक्तेदारीला आव्हान देत मुंबईहून लंडनला निघाले होते.

गार्वींची ‘ब्लॅक स्टार लाइन’ जून १९१९ मध्ये नोंदली गेली. नावात टायटॅनिकवाल्या ‘व्हाइट स्टार लाइन’ला दिलेले उत्तर होते. एक समभाग पाच डॉलरचा. तो फक्त कृष्णवर्णीयांनाच घेता येई आणि एका व्यक्तीला जास्तीत जास्त २०० समभागांची मर्यादा होती. घरकाम करणाऱ्या बायका, हमाल, रेल्वेतले नोकर, मळ्यांतले मजूर यांनी साठवलेले पैसे दिले. तीस हजारांहून अधिक लोकांकडून सुमारे साडेसात लाख डॉलर जमले. बँकेचे कर्ज नाही, सरकारी मदत नाही. एवढी रक्कम पाच-पाच डॉलरनी उभी राहिली.

जहाजांचे काय झाले?

पहिले जहाज ‘यार्मथ’. ते १८८७ चे, म्हणजे गार्वींच्याच वयाचे होते. युद्धानंतर जहाजांचे भाव चढलेले असताना ते १ लाख ६५ हजार डॉलरना घेतले गेले. खरेदीच्या दलालीत कंपनीच्याच कप्तानाचा वाटा होता, हे पुढे न्यायालयात उघड झाले. जुने इंजिन, सतत दुरुस्ती आणि कोळशाचा प्रचंड खर्च यांमुळे प्रत्येक फेरी तोट्यात गेली.

जानेवारी १९२० मध्ये अमेरिकेत दारूबंदी लागू होण्याच्या तोंडावर ‘यार्मथ’वर क्यूबासाठी व्हिस्की चढवली गेली. भाडे बाजारभावापेक्षा फारच कमी ठरवले होते. जहाज कलले, परत आणावे लागले आणि काही माल खलाशांनीच संपवला. नंतरच्या एका फेरीत जहाजावर नारळ भरलेले असताना समभाग विक्रीच्या प्रचारासाठी ते फिलाडेल्फिया आणि बोस्टनला वळवण्यात आले. तोवर नारळ सडले. जहाज म्हणून ते तोट्यात होते, जाहिरात म्हणून मात्र यशस्वी होते. पनामा आणि कोस्टा रिकाच्या बंदरांत मजुरांनी फुले-फळे घेऊन गर्दी केली. कृष्णवर्णीय कप्तानाचे जहाज त्यांनी पहिल्यांदाच पाहिले होते.

दुसरे जहाज ‘शेडीसाइड’ हडसन नदीत सहलीसाठी वापरले जात असे. ते लवकरच बुडाले. तिसरी ‘कनावा’ ही एकेकाळी एका तेलसम्राटाची नौका होती. तिचे बॉयलर दगा देत राहिले आणि अखेर ती क्यूबात सोडून द्यावी लागली. आफ्रिकेला जाण्यासाठी मोठे जहाज घेण्याचा व्यवहार पूर्णच झाला नाही. १ लाख ६५ हजारांची ‘यार्मथ’ लिलावात १,६२५ डॉलरना गेली. १९२२ मध्ये कंपनीचा कारभार थांबला. तिचे एकही जहाज आफ्रिकेपर्यंत पोहोचले नव्हते.

लायबेरियाची योजना काय होती?

पश्चिम आफ्रिकेतील लायबेरिया हा देश अमेरिकेतून परतलेल्या मुक्त कृष्णवर्णीयांनी वसवला आणि तो १८४७ पासून स्वतंत्र होता. १९२० मध्ये तो कर्जबाजारी होता. गार्वींनी २० लाख डॉलरचे बांधकाम कर्ज उभारण्याची घोषणा केली. त्यातून शाळा, रस्ते, रेल्वे आणि वसाहत उभारायची होती. लोकांनी रोखे घेतले, पण त्या पैशांचा मोठा भाग जहाज कंपनीची देणी भागवण्यात गेला.

दुसरी चूक राजकीय होती. संघटनेने पाठवलेले एली गार्सिया यांनी आपल्या गुप्त अहवालात लायबेरियातील सत्ताधारी वर्गावर कडक टीका केली होती. तो अहवाल लायबेरियाच्याच सरकारच्या हाती लागला. शेजारच्या भूभागांवर ब्रिटन आणि फ्रान्सचे राज्य होते. वसाहतवादविरोधी चळवळीला थारा दिला तर या दोन्ही सत्तांचा रोष ओढवेल, ही धास्तीही होतीच. १९२४ मध्ये गार्वींनी अभियंत्यांचे पथक आणि बांधकाम साहित्य पाठवले. अध्यक्ष चार्ल्स किंग यांच्या सरकारने पथकाला अटक करून परत धाडले. दोन वर्षांनी लायबेरियाने फायरस्टोन या अमेरिकी टायर कंपनीला रबराच्या मळ्यांसाठी दहा लाख एकरपर्यंत जमीन ९९ वर्षांच्या कराराने देऊ केली. भाडे एकरी सहा सेंट.

खटला खरा होता की सूडाचा?

दोन्ही बाजूंना आधार आहे. १९१९ पासूनच जे. एडगर हूवर गार्वींना देशाबाहेर काढण्याचे निमित्त शोधत होते. संघटनेत सरकारी खबरे पेरले गेले होते. कंपनीने आपल्या ताब्यात नसलेल्या जहाजाचे चित्र पत्रकात छापले, हा मुख्य आक्षेप होता. गार्वींनी वकिलाला दूर करून स्वतःच खटला लढवला. चार आरोपींपैकी तिघे सुटले, गार्वी एकाच कलमावर दोषी ठरले. पुरावा होता एका भागधारकाच्या नावाचा रिकामा लिफाफा. शिक्षा झाली पाच वर्षांची.

मात्र त्यांचे टीकाकार केवळ गोरे अधिकारी नव्हते. डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस, ए. फिलिप रँडॉल्फ यांसारखे कृष्णवर्णीय नेतेही त्यांच्या विरोधात होते. जून १९२२ मध्ये गार्वी वर्णद्वेषी कू क्लक्स क्लॅनच्या नेत्याला अटलांटात जाऊन भेटले, तेव्हा अनेक समर्थकही दुरावले. संघटनेतून फुटलेले आणि खटल्यात साक्ष देणार असलेले जेम्स ईसन यांची १९२३ च्या जानेवारीत हत्या झाली. त्यामुळे चळवळीवरचा संशय आणखी वाढला. गार्वींनी स्वतःसाठी मोठी संपत्ती केल्याचे दिसत नाही. पण ज्यांचे पाच-दहा डॉलर बुडाले, त्यांच्या हाती शेवटी कागदच उरला.

पुढे काय झाले?

फेब्रुवारी १९२५ मध्ये गार्वींची रवानगी अटलांटाच्या तुरुंगात झाली. या काळात त्यांच्या पत्नी एमी जॅक्स गार्वी यांनी चळवळ सांभाळली आणि त्यांची भाषणे-लेख ग्रंथरूपात आणले. १९२७ मध्ये अध्यक्ष कूलिज यांनी शिक्षा कमी केली आणि गार्वींना जमैकाला धाडण्यात आले. तिथे त्यांनी पक्ष काढला, पण यश मर्यादित राहिले. १९३५ मध्ये ते लंडनला गेले. १९४० मध्ये ते आजारी असताना त्यांच्या मृत्यूच्या खोट्या बातम्या छापून आल्या. १० जून १९४० रोजी त्यांचे निधन झाले. १९६४ मध्ये त्यांचे अवशेष जमैकात नेण्यात आले आणि ते देशाचे पहिले राष्ट्रीय वीर ठरले.

आज त्यांचे महत्त्व काय?

क्वामे एन्क्रुमा यांच्यावर गार्वींच्या विचारांचा मोठा प्रभाव होता. त्यांच्या नेतृत्वाखाली १९५७ मध्ये स्वतंत्र झालेल्या घानाच्या ध्वजावर काळा तारा आला. घानाच्या सरकारी जहाज कंपनीचे नावही ‘ब्लॅक स्टार लाइन’च ठेवले गेले. ‘यार्मथ’वर अधिकारी असलेले ह्यू मुलझॅक दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी मालवाहू जहाजाचे कप्तान झाले.

गार्वींनी विचारलेला प्रश्नही आजचाच आहे. आफ्रिकी महासंघ परदेशांतील आफ्रिकी वंशाच्या लोकांना खंडाचा सहावा प्रदेश मानतो. इथिओपियाने २००८ मध्ये परदेशस्थ नागरिकांसाठी वीज प्रकल्पांचे रोखे काढले. देशप्रेमाची हाक होती, पण परतफेडीबद्दल भरवसा नव्हता, त्यामुळे प्रतिसाद थंड राहिला. २०११ मध्ये नाईल नदीवरील धरणासाठी पुन्हा रोखे काढावे लागले.

दूर राहणारी माणसे मायभूमीसाठी पैसे देतात, हे गार्वींनी पाच डॉलरच्या समभागातून दाखवले. ते पैसे फळायचे तर यंत्र पारखणारा माणूस, वेगवेगळ्या निधींचे वेगळे हिशेब आणि ज्या देशासाठी हे सारे करायचे त्याची संमती, या तिन्ही गोष्टी लागतात. त्यांच्याकडे त्या नव्हत्या. २०२५ मध्ये त्यांना त्या गुन्ह्याबद्दल माफी मिळाली. पाच डॉलर देणाऱ्यांचा हिशेब मात्र कधीच पूर्ण झाला नाही.