खोक्यावर नसलेलं नाव

सरावलीत आमच्या रूमवर एकीला टॅरो शिकायचंय. पहिला डेक कुठला घ्यायचा? जो तो सांगतो, रायडर-वेट घे. रायडर म्हणजे प्रकाशक, वेट म्हणजे लेखक. मग चित्रं कोणी काढली?

पामेला कोलमन स्मिथने. तिचा जन्म १८७८ चा, लंडनचा. बालपणाची काही वर्षं जमैकात गेली, चित्रकला ती न्यूयॉर्कच्या प्रॅट इन्स्टिट्यूटमध्ये शिकली. १९०९ साली वेटसाठी तिने ७८ पत्त्यांची चित्रं काढली. आधीच्या बहुतेक डेकमध्ये आकड्यांच्या पत्त्यांवर नुसते पेले नाहीतर तलवारी मोजायच्या, आपल्या सावंतवाडीच्या गंजिफ्यात चिन्हं मोजतात तशा. पामेलाने मात्र प्रत्येक पत्त्यावर एक प्रसंगच रंगवला. चित्र बघून नवख्यालाही अर्थाचा अंदाज येतो, म्हणून तर पहिला डेक हाच!

तिला मोबदला मात्र तुटपुंजा मिळाला. १९५१ साली कॉर्नवॉलमध्ये ती वारली तेव्हा डोक्यावर कर्ज होतं. ते फेडायला तिचं सामान विकलं गेलं.

आता काही डेकवर स्मिथ-वेट असं छापतात. बाकीच्यांवर पत्त्याच्या कोपऱ्यात तिची बारीक सही शोधा. आणि हो, आपल्या प्रोजेक्ट रिपोर्टवर सगळ्यांची नावं आहेत ना, तेही एकदा बघून घ्या!