शाळेऐवजी कोळशाच्या खाणीत वाढलेला नेता

ब्रिटनच्या मजूर पक्षाचे एक संस्थापक केअर हार्डी यांनी शाळा जवळपास पाहिलीच नाही! जन्म १५ ऑगस्ट १८५६, स्कॉटलंड. आई घरकाम करायची, सावत्र वडील जहाजावरचे सुतार. सात-आठ वर्षांचे असतानाच हार्डी कामाला लागले. घरी भाऊ आजारी होता, म्हणून बेकरीत उशिरा पोचले, तर मालकाने सरळ काढूनच टाकलं. घरात कमावणारे तेव्हा तेच होते.

दहाव्या वर्षी खाण. हवा खेळती राहावी म्हणून अंधारात बसून दार उघडायचं, लावायचं, दिवसभर! वाचायला घरीच शिकले, पुढे रात्रशाळा. लघुलिपी तर खाणीतच, काजळी धरलेल्या पाटीवर टाचणीने गिरवून आत्मसात केली. हेच हार्डी १८९२ मध्ये खासदार झाले.