फादर हिमालय : सूर्याची भट्टी पेटवणारे धर्मगुरू

पोर्तुगालमधील एका धर्मगुरूंना सारे लोक फादर हिमालय म्हणत असत, हे वाचून आपल्याला नवल वाटेल. त्यांचे खरे नाव मॅन्युएल आंतोनियो गोम्स. उत्तर पोर्तुगालमधील सेंदुफे ह्या खेड्यात ९ डिसेंबर १८६८ रोजी एका शेतकरी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. ब्रागा येथील सेमिनरीत त्यांची उंची पाहून त्यांना 'हिमालय' हे टोपणनाव मिळाले. त्यांनीही ते आनंदाने स्वीकारले आणि त्याच नावाने ते आजही आपल्या देशात ओळखले जातात.

गुरुदीक्षा झाल्यावरही त्यांनी विज्ञानाचा अभ्यास सोडला नाही. पॅरिसमध्ये रसायनशास्त्रज्ञ मार्सेलिन बर्थेलो ह्यांच्याकडे ते शिकले. त्यांच्या मनात शेतकऱ्याचा प्रश्न होता. पिकाला नायट्रोजन हवा. हवेत तो तीन चतुर्थांशाहून अधिक आहे. परंतु पीक तो थेट घेऊ शकत नाही. त्या काळी युरोपात नायट्रोजनयुक्त खत जहाजाने दूरच्या चिली देशातून येत असे. अतिशय मोठ्या उष्णतेत हवेतील नायट्रोजन व ऑक्सिजन एकत्र येतात. ही उष्णता आणायची कोठून? कोळसा विकत घ्यावा लागतो, सूर्य मात्र गरिबाच्या शेतावरही तळपतो.

म्हणून फादर हिमालय ह्यांनी आरशांनी सूर्यकिरण एका बिंदूवर आणणारी भट्टी तयार केली. १९०० साली फ्रान्समधील पिरेनीज पर्वतात सोरेद येथे त्यांनी तिचा प्रयोग केला. पुढे १९०४ साली अमेरिकेतील सेंट लुईसच्या जागतिक प्रदर्शनात त्यांचे भव्य यंत्र उभे राहिले. त्यात सहा हजारांहून अधिक आरसे होते आणि सूर्य सरकेल तसे ते फिरत असे. तेथे साडेतीन हजार अंश सेल्सिअसच्या आसपास उष्णता निर्माण झाली. लोखंड तर सुमारे १५३८ अंशांवरच वितळते! यंत्राला प्रदर्शनाचे सर्वोच्च पारितोषिक मिळाले.

मात्र पारितोषिक मिळाले तरी कारखाना उभा राहिला नाही. हजारो आरसे अचूक बसवण्याचा खर्च मोठा होता. ढग आले की भट्टी थंड आणि रात्री तर बंदच. कोळसा मात्र हवा तेव्हा पेटवता येत असे. १९१३ साली जर्मनीत हवेतील नायट्रोजनपासून मोठ्या प्रमाणावर खताचे उत्पादन सुरू झाले, तेही कोळशाच्या आधाराने. आजही जगातील बहुतेक नायट्रोजन खत नैसर्गिक वायू आणि कोळशापासूनच बनते.

फादर हिमालय खचले नाहीत. वारा, वाहते पाणी आणि भरती-ओहोटी ह्यांच्या शक्तीचा वापर व्हावा, उजाड डोंगरांवर झाडे लावावीत, असे ते सांगत राहिले. २१ डिसेंबर १९३३ रोजी वियाना दो काश्तेलो येथे त्यांचे निधन झाले. त्यानंतर चार दशकांच्या आत, त्याच पिरेनीज पर्वतात, ओदेयो येथे फ्रान्सने प्रचंड सौरभट्टी उभारली.

ह्या जीवनातून आपण काय घ्यावे? सूर्यप्रकाश हे परमेश्वराचे दान आहे, ते फुकट आहे. ते वापरण्याचे साधन मात्र फुकट नाही. दान सर्वांना आणि साधन थोड्यांनाच, असे झाले तर दानाचा हेतूच हरवतो. आज सौर पॅनेल पूर्वीपेक्षा खूप स्वस्त झाले आहेत. तरी रात्रीसाठी वीज साठवायची कशी, पॅनेलला जागा कोणाची घ्यायची, हे प्रश्न आहेतच. जो भाड्याच्या खोलीत राहतो, त्याने पॅनेल कोठे लावावे? २००८ साली व्हॅटिकनमधील पोप पॉल सहावे सभागृहाच्या छपरावर सौर पॅनेल बसले. २०२४ साली पोप फ्रान्सिस ह्यांनी रोमजवळ, खाली शेती व वर पॅनेल, असा प्रकल्प उभारण्याचा आदेश दिला. शेतकऱ्याची जमीन आणि सूर्याची वीज ह्यांचे भांडण नको, हा त्यातला विचार फादर हिमालय ह्यांना नक्कीच आवडला असता.

एकट्या फादर हिमालयांना जे जमले नाही, ते समुदायाला जमू शकते. प्रिय बंधूभगिनींनो, आपल्या घरी, सोसायटीत आणि धर्मग्रामात हा विषय आपण बोलायला घेऊ या. खर्चाचा हिशेब मांडताना ज्याच्याकडे स्वतःचे छप्पर नाही, त्या शेजाऱ्याचाही वाटा त्यात धरू या. ढगाळ दिवसांतही धीर न सोडण्याची कृपा परमेश्वर आपणा सर्वांना देवो.