शस्त्रक्रियेनंतरची सोबत

जन्मतः हृदयात दोष असलेले मूल शस्त्रक्रिया होऊन घरी परतले की संकट टळले, असे सर्वांना वाटते. पण अशा हृदयाकडे आयुष्यभर लक्ष द्यावे लागते. बालहृदयरोगशास्त्राचा पाया घालणाऱ्या अमेरिकेतील डॉ. हेलन टॉसिग यांनी हे फार लवकर ओळखले होते.

त्यांचा जन्म २४ मे १८९८ रोजी मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिज येथे झाला. त्या अकरा वर्षांच्या असताना आई क्षयाने गेली. डिस्लेक्सियामुळे वाचताना अक्षरे जुळत नसत. प्राध्यापक असलेल्या वडिलांनी त्यांच्याकडून चिकाटीने अभ्यास करून घेतला. हार्वर्डचे वैद्यकीय महाविद्यालय त्या काळी स्त्रियांना पदवी देत नसे, म्हणून त्या बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये गेल्या आणि १९२७ मध्ये डॉक्टर झाल्या. १९३० पासून तेथील मुलांच्या हृदयरोग विभागाची जबाबदारी त्यांच्याकडे आली. पुढे ऐकू येणे कमी झाले, तेव्हा बोटांच्या स्पर्शाने त्या हृदयाचे ठोके तपासू लागल्या.

त्यांच्याकडे ‘निळी बाळे’ येत. ‘टेट्रालॉजी ऑफ फॅलो’ या दोषात फुप्फुसांकडे पुरेसे रक्त जात नाही. ओठ, नखे निळी पडतात. चार पावले चालून मूल धापा टाकत उकिडवे बसते. जन्मानंतर बंद होणारी एक रक्तवाहिनी उघडी राहिली, तर ही मुले बरी राहतात, हे टॉसिग यांच्या लक्षात आले. मग तशीच वाट शस्त्रक्रियेने का तयार करू नये? शल्यचिकित्सक आल्फ्रेड ब्लॅलॉक यांनी हे आव्हान स्वीकारले. त्यांचे कृष्णवर्णीय सहकारी व्हिव्हियन थॉमस यांनी कुत्र्यांवर प्रयोग करून ही पद्धत सिद्ध केली. २९ नोव्हेंबर १९४४ रोजी सुमारे चार किलो वजनाच्या पंधरा महिन्यांच्या मुलीवर पहिली शस्त्रक्रिया झाली. ती मुलगी पुढे काही महिनेच जगली. तिसऱ्या शस्त्रक्रियेत मात्र सहा वर्षांच्या मुलाचे निळे ओठ टेबलावरच गुलाबी झाले. त्यानंतर दूरदूरच्या देशांतून मुले बाल्टिमोरला येऊ लागली.

या शस्त्रक्रियेने रक्तपुरवठा वाढे, मूळ दोष तसाच राही. म्हणून टॉसिग यांनी या मुलांचा पाठपुरावा सोडला नाही. १९६३ मध्ये निवृत्त झाल्यावरही त्या जुन्या रुग्णांची माहिती गोळा करत राहिल्या. कोण शिकले, कोण नोकरीला लागले, कोणाचे लग्न झाले, याचीही त्यांना आस्था होती. आधीच्या रुग्णांचे अनुभव त्यांच्यामार्फत पुढच्यांच्या उपयोगी पडले. १९६५ मध्ये त्या अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या. २० मे १९८६ रोजी मोटार अपघातात त्यांचे निधन झाले.

आज विकसित देशांत हृदयदोष घेऊन जन्मलेल्या दहांपैकी सुमारे नऊ मुले प्रौढ होतात. नेमक्या याच वयात तपासणी सुटते. बालरोगतज्ज्ञांचा संबंध संपतो, पुढे कोणाकडे जायचे ते कळत नाही आणि त्रास नसल्याने गरजही वाटत नाही. दरम्यान झडप गळू लागते किंवा ठोके अनियमित होतात. शिवाय नोकरीत आजार सांगावा का, लग्न ठरवताना काय बोलावे, गर्भारपण झेपेल का, हे प्रश्न असतातच. यांतला वैद्यकीय भाग डॉक्टरांनीच ठरवायचा. पण छातीवर तसाच व्रण घेऊन या प्रसंगांतून गेलेल्या माणसाशी बोलले की भीती कमी होते आणि चुकलेली तपासणी पुन्हा सुरू करायला बळ मिळते. म्हणून अशा प्रौढांनी एकमेकांच्या संपर्कात राहावे, शस्त्रक्रियेची जुनी कागदपत्रे जपावीत आणि त्रास नसला तरी हृदयरोगतज्ज्ञांकडे नियमित जावे.