माशीची साक्ष मानणारा न्यायाधीश

‘सीआयडी’ बघत मोठे झालेल्या आपल्या पिढीला फॉरेन्सिक म्हटलं की डॉ. साळुंखेंची लॅब आठवते. पण समजा लॅबच नाहीये. मायक्रोस्कोप नाही, डीएनए हा शब्दही नाही. समोर एक मृतदेह आहे आणि अख्ख्या गावावर संशय. तुम्ही काय कराल?

याचं उत्तर शोधण्यात ज्यानं आयुष्य घालवलं, त्याचं नाव सोंग त्सू. जन्म ११८६चा, दक्षिण चीनमधल्या फुजियान प्रांतातला. तुमच्यापैकी जे एमपीएससी, यूपीएससीच्या मागे लागलेत त्यांना त्याची गोष्ट जवळची वाटेल. त्या काळात चीनमध्ये सरकारी नोकरीसाठी भयंकर अवघड परीक्षा असायची. ती तो १२१७ मध्ये, तिशी ओलांडल्यावर पास झाला. पोस्टिंगही मिळालं, पण वडील आजारी पडले आणि त्यानं ते सोडलं. प्रत्यक्ष नोकरी सुरू झाली ती १२२६ मध्ये, म्हणजे चाळिशीत. तेव्हा, अजून काहीच सेटल नाही म्हणून टेन्शन घेणाऱ्यांनी जरा दम धरा!

१२३९ मध्ये त्याला ग्वांगडाँग प्रांतात न्यायखात्याचा वरिष्ठ अधिकारी म्हणून पाठवलं. तिथं काय दिसलं? वर्षानुवर्षं निकालाविना तुरुंगात सडणारे कैदी. त्यानं प्रत्येक कामाला मुदत ठरवून दिली आणि आठ महिन्यांत दोनशेहून जास्त कैद्यांची प्रकरणं निकाली काढली.

हे करताना त्याला खरी गडबड कळली. गुन्ह्याचा तपास मृतदेहापाशीच बिघडत होता. साहेब लोक वासाला घाबरून लांब बसायचे, हाताखालचे लोक सांगतील ते लिहून घ्यायचे. त्यात कुणी पैसे चारले की खुनाची आत्महत्या व्हायची, नाहीतर भलत्याच माणसाला फाशी. म्हणून त्यानं १२४७ मध्ये एक पुस्तक लिहिलं, ‘शी युआन जी लू’. नावाचा अर्थ साधारण ‘अन्याय धुऊन काढण्याच्या नोंदी’. मृतदेह तपासण्याच्या शास्त्रावरचं जगातलं सर्वांत जुनं उपलब्ध पुस्तक म्हणून ते ओळखलं जातं.

त्यातली विळ्याची केस तर भन्नाट आहे. रस्त्याकडेला एकाचा खून झालेला. अंगावर विळ्याचे दहाहून जास्त वार, पण वस्तू सगळ्या जागच्या जागी. म्हणजे लूट नाही, वैर. बायकोकडून कळलं की नवऱ्यानं नुकतंच एकाला कर्ज नाकारलं होतं. अधिकाऱ्यानं आसपासच्या सगळ्यांना विळे आणायला लावले. सत्तर-ऐंशी विळे जमिनीवर मांडले. दिवस उन्हाळ्याचे. थोड्या वेळात माशा एकाच विळ्यावर घोंगावू लागल्या! विळा धुतलेला होता, पण माशीच्या नाकाला कोण फसवणार? तो विळा कर्ज मागणाऱ्याचाच निघाला आणि त्यानं गुन्हा कबूल केला. इंटरनेटवर ही केस सोंग त्सूनंच सोडवली असं वाचाल, पण पुस्तकात त्या अधिकाऱ्याचं नाव नाही.

पुस्तकात याहून कामाची गोष्ट आहे ती वेळेची. कडक उन्हाळ्यात तीन-चार दिवसांत मृतदेहावर अळ्या दिसतात. कडाक्याच्या थंडीतले पाच दिवस म्हणजे उन्हाळ्यातला एक, असा हिशेब तो देतो. आणि बजावतो की उत्तर-दक्षिणेचं हवामान वेगळं, डोंगरातलं तर लहरी, त्यामुळे जागेवर जाऊन स्वतः बघा.

आजचं शास्त्र हेच मोजून सांगतं. चमकदार हिरव्या-निळ्या माशा मृतदेहावर बऱ्याचदा काही मिनिटांत पोहोचतात आणि अंडी घालतात. अंडी, अळी, कोष, माशी हा प्रवास तापमानावर चालतो. म्हणून अळी कुठल्या जातीची, किती वाढलेली आणि तिथलं तापमान किती होतं, हे कळलं की मृत्यूची वेळ काढता येते. पण थंड युरोपचं गणित उष्ण जंगलात चालत नाही. तिथं उकाडा आणि दमटपणामुळे सगळं झपाट्यानं होतं. म्हणूनच मलेशियासारख्या देशांत डुकरांचे मृतदेह ठेवून तिथल्या माशांचा स्वतंत्र अभ्यास झाला. जंगलात मेलेल्या वाघाचा तपास करतानाही याच अळ्या कामी येऊ शकतात.

सोंग त्सूचं सगळंच बरोबर नव्हतं हं. हाडावर रक्ताचा थेंब टाकून नातं ओळखता येतं, असंही त्यानं लिहिलंय, जे साफ चूक आहे. तरी हे पुस्तक चीनमध्ये पुढची कित्येक शतकं वापरलं गेलं.

पुस्तक आल्यावर दोनच वर्षांत, १२४९ मध्ये, तो गेला. पुढच्या वेळी मेलेल्या उंदरावर माशा दिसल्या की नाक दाबून पळाल, ते ठीकच. पण त्यानं अधिकाऱ्यांना नेमकं तेच करायला मनाई केली होती, कारण ते पळाले की कुणीतरी निरपराध फासावर जायचा.